मागे फिरण्याची प्रॅक्टिस

आमचे घरमालक, म्हणजे काका, एकदा घराबाहेर पडले की परत फिरत नसत. चष्मा राहो, डबा राहो, पाकीट राहो, ते पुढेच जात. जर्सी सिटीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी चार वर्षं भाड्याने राहिले. तेवढ्या काळात त्यांच्या विसरलेल्या वस्तू जर्नल स्क्वेअर स्टेशनापर्यंत धावत पोचवण्यात माझं जेवढं वजन उतरलं, तेवढं जिमला पैसे भरूनही कधी उतरलं नाही.

याचं मूळ नागपुरात होतं. लहानपणी घरातलं कुणी काही विसरलं म्हणून परत आलं, की काकांची आई त्याला तसंच जाऊ देत नसे. आधी खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि मग नव्याने निघायचं. आमच्याकडेही हेच होतं. पण बाकीच्यांनी त्यातून एवढाच बोध घेतला की निघण्यापूर्वी खिसे चाचपून बघावेत. काकांनी घेतला तो निराळाच. एवढा सोपस्कार करत बसण्यापेक्षा परत यायचंच नाही, असं त्यांनी आठव्या-नवव्या वर्षीच ठरवून टाकलं आणि ते नागपूरहून अमेरिकेत जसंच्या तसं आणलं. मागून हाक मारलेलीही त्यांना चालत नसे. काकूंनी लग्नानंतर लवकरच हे ओळखलं आणि हाक मारणं सोडून दिलं. मी राहायला येईपर्यंत त्या खिडकीतून नुसत्या बघत उभ्या राहत. मी आल्यावर मला फोन करू लागल्या. "अगं, ते निघालेत आणि डबा ओट्यावरच आहे," एवढं ऐकलं की मी ओल्या केसांनी रस्त्यावर. काका थांबत मात्र. थांबायला त्यांची हरकत नव्हती, फिरायला होती. मी पुढे जाऊन उभी राहिले की ते डबा घेत आणि वर मलाच विचारत, "तू काऊन धावून राहिली?"

एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला एडिसनला निघालो होतो. काका गाडी चालवत होते, मी मागे बसले होते, काकूंच्या मांडीवर सगळ्यांसाठी केलेल्या वड्यांचं पातेलं होतं. एक्झिट चुकली. पुढच्या एक्झिटला बाहेर पडून उलटं वळायचं, एवढी साधी गोष्ट होती. काका सरळ जात राहिले. रस्त्याची माहिती त्या काळी आम्ही कंप्यूटरवरून छापून घेत असू, आणि त्या कागदावर चुकलेल्या माणसासाठी काही नसे. आम्ही पार फिलाडेल्फियाच्या जवळ जाऊन पोचलो, तिथे एका हॉटेलात इडली खाल्ली आणि भलत्याच रस्त्याने गोल फिरून घरी आलो. काका खूश होते. पोचलो की नाही घरी, असं त्यांचं म्हणणं. कार्यक्रमातल्या लोकांना वडे मिळाले नाहीत याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

दिसायला काका अगदीच बेताचे. बुटके, पोट जरासं पुढे, उरलेले केस कानांवरून मागे वळवलेले, पन्नाशी उलटलेली. एका विमा कंपनीत मेनफ्रेम कंप्यूटरवर काम करत. हा माणूस उत्तर ध्रुवाकडच्या डोंगरांवर स्की घेऊन चढेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी अस्सल पुणेरी स्वरात 'असेल बुवा' म्हणून विषय बदलला असता.

सुरुवात त्यांच्या मुलीच्या शाळेमुळे झाली होती. ती लहान असताना शाळेची सहल पेन्सिल्व्हेनियातल्या एका स्की रिसॉर्टला गेली आणि काका पालक म्हणून बरोबर गेले. बाकीचे पालक हॉट चॉकलेट घेऊन काचेच्या आत बसले. काकांनी बाहेर जाऊन लिफ्टवाल्याला विचारलं, की मी चालत वर गेलो तर चालेल का. तो नाही म्हणाला. तो नकार त्यांच्या डोक्यात जाऊन बसला. पुढे त्यांना कळलं, की स्की माउंटेनिअरिंग म्हणून एक प्रकार असतो आणि त्यात लिफ्ट नसतेच. स्कीच्या तळाला आखूड, दाट केसांची पट्टी चिकटवायची आणि स्की पायात घालूनच डोंगर चढायचा. पट्टीचे केस एकाच दिशेला बसलेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या आणि घसरत खाली यायचं. पहिली पट्टी विकत आणली त्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं आणि तिच्यावरून हात फिरवायला लावला. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा एका बाजूने हात सरकत होता, उलट्या बाजूने अडत होता.

"बघ," काका म्हणाले. "मागे येतच नाही ही. एकदम आपल्या नेचरची वस्तू."

तेव्हापासून ते ऑफिसच्या बिल्डिंगचे जिने पाठीवर तांदळाची गोणी घेऊन चढू लागले. वर गेले की लिफ्टने खाली येत. उतरण्यात कसली आली मेहनत, असं त्यांचं मत होतं. बर्फावरून स्कीने उतरणं मात्र त्यांना लवकर जमलं नाही. दोन-तीन हिवाळे ते नुसते पडत होते. दर रविवारी अंगावर नवा काळानिळा डाग घेऊन येत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जात. काकू हळद लावत.

न्यूयॉर्कच्या एका लायब्ररीत त्यांना एक बाई भेटली. साठीची, उंच, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मेन राज्याच्या किनाऱ्यावर तिची स्वतःची पोलादी यॉट, म्हणजे शिडाची मोठी बोट, होती. दर उन्हाळ्यात ती चार-पाच जणांना घेऊन कॅनडातल्या लॅब्राडोरच्या कडेकडेने ग्रीनलंडला जाई. तिथल्या त्या डोंगरांपर्यंत रस्ता नाही, आसपास गाव नाही. यॉट खाडीत घालायची, नांगर टाकायचा, रबरी होडीतून स्की काठाला न्यायच्या आणि थेट समुद्राच्या पाण्यापासून चढायला लागायचं. लायब्ररीत ती त्याच्या स्लाइड दाखवत होती. आम्ही घरात तिला कॅप्टनबाई म्हणायचो. स्लाइड संपल्यावर लोकांनी अस्वलांबद्दल आणि थंडीबद्दल प्रश्न विचारले. काकांनी विचारलं, की तुम्ही खाता काय. पाकिटातलं वाळवलेलं अन्न गरम पाण्यात घालून खातो, असं ती म्हणाली तेव्हा काकांना तिची दया आली. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला गूळपापडी, सातूचं पीठ, मेतकूट आणि तिखटमिठाच्या पुऱ्या पार्सलने पाठवल्या. तिचा फोन आला. जानेवारीत न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात टीमची चाचणी आहे, तिला या, असं तिने सांगितलं.

काकूंच्या आग्रहामुळे मी ड्रायव्हर म्हणून गेले. डोंगराच्या पायथ्याशी पार्किंगमध्ये कॅप्टनबाईने सगळ्यांना नियम सांगितला. दुपारी एक वाजता जो जिथे असेल तिथून तो फिरेल. माथा समोर दिसत असला तरी फिरेल. काकांनी मान हलवली. मी ती मान नीट बघितली होती. एक्झिट चुकल्यावरही ते अशीच हलवत.

तिसऱ्या प्रहरी सगळे खाली आले नाहीत. कॅप्टनबाई आणि आणखी एकजण आले. बॉस्टनचा एक तरुण डेंटिस्ट काकांचा जोडीदार होता. तो वर वाऱ्यात त्यांची वाट बघत उभा राहिला होता, कारण जोडीदाराला टाकून यायचं नाही हाही नियमच होता. अंधार पडता पडता दोघे आले. डेंटिस्टच्या दोन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती. काकांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. ते माथ्यावर जाऊन आले होते. मला त्यांचा इतका राग आला की थर्मासमधला चहा मी आधी डेंटिस्टला दिला.

कॅप्टनबाईने त्या पोराची बोटं स्वतःच्या काखेत धरून गरम केली आणि मग ती काकांकडे वळली. ती इंग्रजीतच बोलली, पण अगदी सावकाश, वर्गात बोलावं तसं.

"वर सगळेच जातात. मला परत येणारी माणसं हवीत. तुम्ही येऊ नका."

परतीच्या वाटेवर सबंध कनेटिकट आम्ही अंधारात पार केलं. मी रेडिओ लावला, तो त्यांनी बंद केला. मला वाटलं, सुटलो एकदाचे, काकूंची काळजी मिटली. घर जवळ आलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. एप्रिलमध्ये ती बाई पुन्हा चाचणी घेते, असं त्यांनी डेंटिस्टकडून काढून घेतलं होतं.

"परत फिरायला शिकायचं आहे ना," ते म्हणाले. "शिकून टाकतो. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. काका ऑफिसला निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथे थांबले. मी वरून बघत होते. बराच वेळ ते लाँड्रीसमोर खांबासारखे उभे राहिले. एकदा खांदा फिरला, पण पाय फिरले नाहीत. मग ते स्टेशनाकडे चालू लागले. असं तीन-चार दिवस झालं. पाय जड होतात, असं त्यांनी मला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांना खरोखरच शरम वाटत होती. जिने चढून चढून दगड झालेले ते पाय स्वतःच्याच गल्लीत पाच पावलं मागे यायला तयार नव्हते.

मग त्यांनी विचार करून पद्धत काढली. आपण कुठून फिरायचं हे आपण ठरवायचंच नाही, दुसऱ्याने सांगायचं आणि सांगितलं की फिरायचं. हे दुसरं माणूस म्हणजे काकू. निघाल्यावर त्यांनी पायऱ्यांवर उभं राहून मागून हाक मारायची.

काकूंनी साफ नाही म्हटलं. तीस वर्षं ज्या माणसाला मागून टोकलं नाही, त्याला आता, तो बर्फात आणि समुद्रात जायला निघालेला असताना टोकायचं? त्या चार दिवस माझ्याशीही बोलल्या नाहीत. मला त्यांचं दुखणं कळत होतं. त्यांच्या हातात आयताच उपाय आला होता. हाक मारली नाही की काका शिकणार नाहीत, शिकले नाहीत की कॅप्टनबाई नेणार नाही, नवरा घरी राहील. मी तसं बोलूनही दाखवलं. काकू पोळ्या लाटत होत्या.

"हे जाणारच गं," त्या म्हणाल्या. "तिने नाही नेलं तर दुसरं कुणी नेईल, ज्याला असला नियमच नसेल. जायचंच असेल तर परत येणारे होऊन जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ भुरभुरत होता. काका निघाले. काकू स्वेटरवर शाल घेऊन पायऱ्यांवर आल्या. काका कोपऱ्यावर पोचले तरी काकूंच्या तोंडून शब्द फुटेना. मी दारात उभी होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, परत या."

हाक फार मोठी नव्हती, पण सगळी गल्ली रिकामी होती. काका थांबले. मग ते वळले. अवजड कपाट दोन माणसांनी हलवावं तसे आधी एक बाजू आणि मग दुसरी बाजू असे वळले आणि आमच्याकडे चालत आले. आत येऊन खुर्चीवर बसले. काकूंनी पाण्याचा पेला दिला, गुळाचा खडा दिला. तो खाताना काकांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा निघाले. काकू आत जाऊन देवापाशी बसल्या, आणि मला उगाचच रडू आलं.

पुढचे अडीच महिने हे रोज चाललं. काका अर्धा तास लवकर निघत, कारण परत यायला वेळ लागे. काकूंची भीड हळूहळू चेपली आणि मग तर त्यांना गोडीच लागली. तीस वर्षांच्या साठलेल्या हाका होत्या त्या. दूध संपलंय, शर्टाची कॉलर आत गेलीय, काही नाही सहज, अशा कशासाठीही त्या बोलावत आणि काका येत. मलाही फोन करून फिरवायची परवानगी होती. पलीकडच्या पोलिश आजींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, की बिचाऱ्यांना विसरायचा आजार झालाय का. मी सांगितलं, की नाही, उलट विसरलं तर परत यायला शिकताहेत. आजींनी माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिलं.

मार्चमध्ये मंडळाची एकांकिका होती. आमच्यातल्याच एका डॉक्टरने लिहिलेली, खुनाची. खुनी कोण हे कळायच्या जरा आधी मी काकांना कोपराने खुणावलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. पण ते उठले आणि दुसऱ्या रांगेतून, सगळ्यांचे पाय तुडवत बाहेर गेले. त्या डॉक्टरने पुढे त्यांच्याशी बोलणं सोडलं. खुनी कोण हे काकांनी कधी कुणाला विचारलं नाही. मी सांगायला गेले तर कानांवर हात ठेवले.

एप्रिलमध्ये ते एकटेच न्यू हॅम्पशायरला गेले. काय झालं हे त्यांनी सविस्तर सांगितलं नाही. परत आले ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना म्हणाले, की गूळपापडी पाच जणांची करायची आहे. आम्ही तिघांनी मिळून दोन शनिवार-रविवार कणीक भाजली. सगळ्या घराला तुपाचा वास लागला होता, माझ्या ऑफिसच्या कपड्यांनासुद्धा.

जूनमध्ये यॉट मेनहून सुटली. आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोनवरून काकांचा आवाज येई. पोटात काही ठरत नाही, असं आधी कळलं. मग ठरू लागलं. मग हिमनग दिसले. मग दोन शिखरं झाली, तिसरं झालं. शेवटचं मोठं शिखर उरलं आहे, असं त्यांनी सांगितलं आणि त्यानंतर फोन लागेना. काकू रोज सकाळी सवयीने पायऱ्यांवर येऊन उभ्या राहत. मी त्यांना आत चला म्हणत नसे.

ऑगस्टच्या शेवटी यॉट येतेय असा निरोप मिळाला आणि मी काकूंना घेऊन मेनला गेले. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट बांधून झाली होती. काका काळेठिक्कर पडले होते, नाकाची साल निघाली होती, पोट पार नाहीसं झालं होतं. ते पोती उतरवत होते. काकू त्यांना डोळे भरून बघत होत्या, तोवर कॅप्टनबाई खाली आली. तिने काकूंचा हात हातात घेतला. ती हसली नाही.

"तुमचा नवरा फार हट्टी माणूस आहे," ती म्हणाली.

काकूंचा चेहरा पडला. मला जानेवारीतली ती पांढरी बोटं आठवली. मी घाईने डेंटिस्टला शोधलं. तो डेकवर धडधाकट उभा होता.

"फिरले नाहीत का?" काकूंनी विचारलं.

कॅप्टनबाईने मान हलवली आणि हातातला दोर गुंडाळत सांगायला लागली. त्या शेवटच्या शिखरासाठी ती याआधी दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा हवेने तिला परत लावलं होतं. या खेपेला तिने सकाळी सगळ्यांना फिरायची वेळ दिली, दुपारचे चार. चार वाजता ते माथ्याखालच्या खांद्यावर होते. वरचे धोंडे वेगवेगळे दिसत होते, एवढा माथा जवळ होता. आकाश स्वच्छ होतं, वारा नव्हता, तिथे तर उन्हाळ्यात रात्रही होत नाही. अजून अर्धा तास चला, असं ती म्हणाली. डेंटिस्टही चला म्हणाला. काकांनी घड्याळ बघितलं, स्कीच्या तळाच्या पट्ट्या सोलून खिशात घातल्या आणि तोंड खालच्या बाजूला करून उभे राहिले. तिने समजावलं, मग रागावली, मग नको ते बोलली. पुढच्या वर्षी तुला नेणार नाही असंही म्हणाली. काकांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि ते हलले नाहीत. मोहिमेत एकजण फिरला की सगळ्यांनी फिरायचं, हा नियम तिचाच होता. सगळे उतरले.

"मग वादळ आलं असेल," काकू म्हणाल्या.

कॅप्टनबाई नाही म्हणाली.

"खाडी बर्फाने भरली असेल."

तेही नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत लख्ख ऊन होतं. सगळे डेकवर बसून त्या माथ्याकडे बघत गूळपापडी खात होते, आणि ती दोन दिवस काकांशी एक शब्द बोलली नव्हती.

मला राहवलं नाही. मी काकांकडे वळून विचारलं, की मग फिरलात कशासाठी. त्यांनी पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. एवढं सोपं मला कळू नये याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

"चार वाजले होते ना," ते म्हणाले.

काकूंनी तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्यांचा हात धरला. कॅप्टनबाईचा दोर गुंडाळून झाला होता. तिने तो डेकवर टाकला आणि काकूंना म्हणाली, "पुढच्या वर्षी याची जागा पक्की आहे. मला न्यायचं की नाही, ते याला ठरवू दे."